चालकाचे पासिंग

अंधेरी, बोरिवली किंवा वडाळा, आरटीओ कुठलेही असो. व्यावसायिक परवाना नूतनीकरणाला आला की चालकाची तयारी ठरलेली. पासपोर्ट फोटो, आधार कार्ड, जुना परवाना आणि एजंटाचा मोबाइल नंबर. वैद्यकीय तपासणीचीही तयारी असते. म्हणजे तिची फी वेगळी काढून ठेवलेली असते.

नियम तसा गंभीर आहे. व्यावसायिक परवान्यासाठी आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी 'फॉर्म १-ए' लागतो. २५ मीटरवरची नंबर प्लेट दिवसाउजेडी वाचता येते का, तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हे डॉक्टरने तपासून लिहायचे. (अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर हॉर्न ऐकू न येणे हा दोष की वरदान, हे फॉर्म विचारत नाही.) रक्तगटाचाही रकाना आहे, अर्जदाराची इच्छा असल्यास. रक्तदाब आणि साखर यांना मात्र वेगळी जागाच नाही.

आणि दुखणे नेमके तिथेच आहे. आयआयटी दिल्ली आणि फोरसाइट फाउंडेशनची ट्रकचालकांची पाहणी जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जणांची नजर अधू, निम्म्याहून अधिक जणांचा रक्तदाब चढा. अमेरिकेत ट्रकचालकाचे वैद्यकीय कार्ड जास्तीत जास्त दोन वर्षे चालते आणि रक्तदाब चढला की तीही मुदत आखडते. आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीने व्यावसायिक परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

२०२१पासून राज्यात 'फॉर्म १-ए'चे प्रमाणपत्र डॉक्टरने स्वतः ऑनलाइन चढवायचे. खोट्या सहीचा प्रश्न त्याने सुटला. डॉक्टरने चालकाचा चेहरा पाहिला होता का, हे संगणकाला अजून कळत नाही.

त्यात नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला: साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येईल, व्यावसायिक परवान्याच्या जादा अटी त्याहून जड वाहनांसाठी. चालकाकडे व्यावसायिक परवाना नाही म्हणून मिळालेल्या विम्याच्या नकारावर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना त्याने न्याय मिळाला, हे खरेच. पण साकीनाक्याच्या गाळ्यातून पिकअप भरून निघणारा एकवीस वर्षांचा पोरगा आता 'मी ठणठणीत आहे' असे स्वतःच लिहून देऊन चाळिशीपर्यंत डॉक्टरकडे न फिरकता माल वाहू शकतो. त्याच्या पिकअपला ती मुभा नाही. तिला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला उभे राहावे लागते; ब्रेक, दिवे, धूर, सगळे दाखवावे लागते.

मग त्याच रांगेत चालकालाही तपासा की. पंचवीस मीटर पुढच्या टेम्पोची नंबर प्लेट वाचून दाखव, एवढेच म्हणायचे. त्याला टेंडरही लागणार नाही.