सूत्रातला व्याजदर कोणाचा?

हरभऱ्याच्या नव्या वायद्यांना सेबीने ऑगस्ट २०२१ मध्ये बंदी घातली. डिसेंबरमध्ये गहू, सोयाबीन, मूग धरून सात मालांचे वायदे वर्षभरासाठी थांबवले आणि पुढे ही मुदत वाढवत नेली. महागाईचे खापर सट्ट्यावर फोडले की राज्यकर्ते मोकळे! २००७ मध्ये तूर-उडदाच्या बाबतीत हेच झाले. तेव्हाच्या अभिजित सेन समितीला मात्र वायद्यांनीच भाव भडकवले असा ठाम निष्कर्ष काढता आला नव्हता.

म्हणून वायदेबाजाराची आरती ओवाळणाऱ्या पंडितांना आम्ही डोक्यावर घेणार नाही. त्यांचे मूळ गणित सोपे आहे. आजच्या भावात व्याज आणि गोदामभाडे मिळवा, पुढचा भाव निघतो. समजा, हरभरा आज ६००० रुपये क्विंटल आहे. वर्षाला १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचे व्याज १८०, भाडे ६०. वायदा ६२४० चा. बेरीज चोख आहे, पण हे १२ टक्के कोणाचे? भीमेच्या एका अंगाला शिरूर, दुसऱ्या अंगाला दौंड. तिथल्या दोन एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याने सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलले असतील, तर तीन महिने थांबण्याचे नुसते व्याजच ५४० होते. पुढचा भाव कळूनही तो खळ्यावरच माल घालणार. आणि हरभऱ्याचा एक सौदा होता १० टनांचा! एकरी चार-पाच क्विंटल पिकवणाऱ्याने त्यासाठी वीस-पंचवीस एकर आणायचे कोठून?

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात बजावले होते, की शेत परवडणारे आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, जोडीला भांडवल किती हे पाहावे लागते. वायद्याचे सूत्र भांडवल गृहीतच धरते.

राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्क्यांनी घ्या. या दराने तीन महिन्यांचे व्याज क्विंटलला ९० रुपयांच्या आत बसते. पण तोंडी बटाईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, आणि असे कसणारे आमच्या वस्त्यांत कमी नाहीत. शिरूर आणि दौंडच्या बाजार समित्यांनी येत्या हंगामाआधी सांगावे : पाच पोती घेऊन आलेल्या बटाईदाराला गोदामाची पावती आणि कर्ज मिळणार की नाही?