राहायला येणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा हवा

चिखलोली-अंबरनाथकडच्या घरांत लग्न ठरले की कापडासाठी आणि फर्निचरसाठी उल्हासनगरचा बाजार गाठायचा, ही जुनी रीत. त्या बाजारात गल्ल्यावर बसलेल्या प्रत्येकाकडे भारताचा पासपोर्ट असेलच असे नाही. एप्रिल 2025 पर्यंत सिंधमधून हिंदू कुटुंबे येत, नातेवाइकांच्या आधाराने उल्हासनगरच्या कॅम्पात राहत, दुकानात कामाला लागत. आली ती पाहुण्याच्या व्हिसावर. राहायला आलो असे म्हणण्याची सोय त्यांना कोणत्याच अर्जात नव्हती.

भारत आणि पाकिस्तानने 8 सप्टेंबर 2012 रोजी केलेल्या करारात भेटीच्या व्हिसाचे प्रकार बारकाईने ठरवले होते. आप्तांना भेटायला येणाऱ्याला सहा महिन्यांचा व्हिसा, मात्र एका खेपेस मुक्काम तीन महिन्यांहून जास्त नाही आणि ठिकाणेही पाचच. पासष्टी ओलांडलेल्यांना अटारी-वाघा सीमेवरच 45 दिवसांचा व्हिसा देण्याची तरतूद. गटाने येणाऱ्या पर्यटकांसाठी निराळा, तीर्थयात्रेसाठी निराळा. या सगळ्या प्रकारांत धरून चाललेली गोष्ट एकच, की माणूस परत जाणार. घर विकून, मुलांना शाळेतून काढून निघालेल्या कुटुंबाने यातला कोणता रकाना भरायचा? मग कोणी उल्हासनगरच्या मावशीचे नाव लिहायचा, कोणी हरिद्वारची यात्रा लिहायचा. तोही अर्ज इस्लामाबादला करावा लागे, कारण कराचीतला आपला वाणिज्य दूतावास 1994 पासून बंद आहे. भारतीयाशी लग्न झालेल्या पाकिस्तानी मुलीलाही, ती हिंदू असो वा मुसलमान, सासरी पाहुणी म्हणूनच पहिले पाऊल टाकावे लागे.

राहायला येणाऱ्याला वेगळा कागद देण्याचे काम आपल्या देशाने एकदा अधिक सरळपणे केले आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरू लागले, तेव्हा व्हिसा हा प्रकारच नव्हता. जुलै 1948 मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट लागू झाले. त्यात तात्पुरत्या भेटीचे परमिट वेगळे होते आणि कायमच्या वस्तीचे वेगळे. राज्यघटनेच्या कलम 7 मध्ये पुनर्वसनाच्या किंवा कायम परतण्याच्या परमिटाचा स्पष्ट उल्लेख आहे. पासपोर्ट-व्हिसाची पद्धत आली 1952 मध्ये, आणि राहायला येणाऱ्याचा कागद हळूहळू नाहीसा झाला. त्याच छावणीच्या जागी 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते ज्या नगराची कोनशिला बसली, त्या उल्हासनगरात नव्याने येणारा माणूस 2025 पर्यंत कागदोपत्री पाहुणाच असे.

इथे आल्यावर तो दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, सगळे ज्याला एलटीव्ही म्हणतात त्यासाठी, अर्ज करी. 2016 मध्ये केंद्राने या व्हिसावर राहणाऱ्या, शेजारी देशांतल्या अल्पसंख्याकांना बँकेत खाते, पॅन, आधार, वाहन परवाना आणि राहण्यापुरते घर घेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी ठाण्यासह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकारही मिळाले. ही चांगली कामे होती आणि त्यांचे श्रेय द्यायलाच हवे. पण 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा लाभ 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांनाच आहे. त्यानंतर आलेल्या माणसाचे आई-वडील, निदान त्यांतला एक, अखंड भारतात जन्मलेला असेल तर सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मागता येते. नाहीतर किमान बारा वर्षे. आज तिशीत असलेल्या बहुतेकांचे आई-वडील 1947 नंतर जन्मलेले आहेत. म्हणजे ज्याच्यापुढे सगळे आयुष्य पडले आहे, त्याच्याच वाट्याला लांबचा रस्ता येतो.

पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर 27 एप्रिल 2025 पासून पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना आधीच मिळालेले एलटीव्ही कायम राहतील, असा खुलासा सरकारने लगेच केला. मात्र एलटीव्ही मिळालेला आणि अजून पाहुण्याच्याच व्हिसावर असलेला, या दोघांत केवढे अंतर आहे ते त्या आठवड्यात दिसले. सप्टेंबर 2025 च्या आदेशाने 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या अल्पसंख्याकांना मुदत संपलेल्या कागदांबद्दलच्या कारवाईतून सूट मिळाली. कारवाई टळली, नागरिकत्व मिळालेले नाही.

सुरक्षेचा मुद्दा खराच आहे, आणि तपासणी कडकच असावी. पण ज्याचा हेतू अर्जातच लिहिलेला आहे त्याची तपासणी येण्याआधी नीट करता येते. भेटीच्या नावाखाली आलेल्याची चौकशी तो इथे राहू लागल्यावर सुरू होते. सुरक्षेच्या दृष्टीनेही यातली पहिलीच पद्धत बरी.

पाकिस्तानी नागरिकांना व्हिसा देणे पुन्हा सुरू होईल तेव्हा केंद्राने कायम वस्तीसाठी येणाऱ्यांचा स्वतंत्र प्रकार करावा. आपल्या खासदारांनी ही मागणी संसदेत मांडावी. ठाणे जिल्हा प्रशासनाला तर तोवर थांबायचेही कारण नाही. एलटीव्ही आणि नागरिकत्वाच्या अर्जांसाठी त्यांनी उल्हासनगरातच शिबिर घ्यावे आणि पडून असलेला प्रत्येक अर्ज निकाली काढावा.