ठेवा आणि ठेव

आज १८ मे. संग्रहालयांच्या जागतिक संघटनेने १९७७ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. आज अनेक ठिकाणी प्रवेश मोफत असेल, सुट्टीतली मुले आईवडिलांचा हात धरून काचेच्या कपाटांसमोर उभी राहतील आणि भाषणांतून ‘आपला समृद्ध ठेवा’ हे शब्द हमखास ऐकू येतील. ठेवा म्हणजे जे आपले आहे, ज्याचा अभिमान बाळगायचा ते. पण आपल्याच भाषेत या शब्दाचे एक सख्खे भावंड आहे : ठेव. ठेव आपली नसते. कुणीतरी ती विश्वासाने, कधी नाइलाजाने, आपल्याकडे सोडून गेलेले असते. ती जपायची आणि मागणारा आला की तिचा हिशेब द्यायचा. मागणारा कधीच येणार नसेल, तर तो हिशेब अधिकच चोख ठेवायचा. संग्रहालयात मांडलेले असते ते ठेवा की ठेव, या प्रश्नाला ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहराइतके थेट क्वचितच कुणाला सामोरे जावे लागले असेल.

ख्रिस्तपूर्व ३१५ च्या सुमारास मॅसिडोनियाच्या कसांड्रोस राजाने हे शहर वसवले आणि त्याला आपल्या पत्नीचे, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचे नाव दिले. मराठी ख्रिस्ती घरांत ते थेस्सलनीका म्हणून ठाऊक आहे. संत पौलाने तिथल्या मंडळीला लिहिलेली दोन पत्रे बायबलमध्ये आहेत. पुढे रोमन आले, मग बायझंटाइन काळ आला. १४३० मध्ये शहर उस्मानी तुर्कांच्या हाती गेले. १४९२ मध्ये स्पेनने आपल्या ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा त्यांतल्या हजारोंना या बंदराने आसरा दिला. त्यांनी सोबत आणलेली जुनी स्पॅनिश बोली इथल्या गल्ल्यांत साडेचारशे वर्षे नांदली. गोदीतले हमाल ज्यू असल्याने शनिवारी अख्खे बंदर बंद राही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ज्यू, मुसलमान आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती यांच्या या शहरात ज्यूंची संख्या सर्वांत मोठी होती.

ही वीण अवघ्या तीन दशकांत उसवली. १९१२ मध्ये शहर ग्रीसमध्ये आले. ऑगस्ट १९१७ मध्ये एका घरात लागलेली आग पसरली. शहराचा मध्य जळून गेला आणि सत्तर हजारांहून अधिक माणसे उघड्यावर आली. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या कराराने मुसलमानांना तुर्कस्तानात धाडले आणि तिकडून हाकललेल्या ग्रीक ख्रिस्ती निर्वासितांनी शहर भरले. मग नाझी आले. १५ मार्च १९४३ रोजी ज्यूंना घेऊन पहिली आगगाडी ऑशविट्झकडे निघाली. ऑगस्टपर्यंत सुमारे ४६ हजार माणसे नेली गेली. त्यांतली परतली ती अगदी थोडी.

घरातली माणसे गेली की त्यांच्या वस्तूंचे काय होते? थेसालोनिकीची संग्रहालये या प्रश्नातूनच वाचायला हवीत. १९०२ मध्ये तिथे ‘येनी जामी’ म्हणजे नवी मशीद बांधली गेली. ती बांधणारे होते कधीकाळी ज्यू धर्मातून इस्लाममध्ये आलेल्या कुटुंबांचे वंशज. मशीद असूनही तिच्या नक्षीत सहा टोकांचा तारा दिसतो. १९२३ च्या करारात या समाजाची गणना मुसलमानांत झाली आणि त्यालाही निघावे लागले. रिकाम्या मशिदीत आधी निर्वासित राहिले. १९२५ पासून १९६२ पर्यंत तिथेच शहराचे पुरातत्त्व संग्रहालय होते. म्हणजे प्राचीन ग्रीसचा अभिमान निघून गेलेल्या माणसांच्या प्रार्थनाघरात मांडला गेला होता. ठेवा ठेवायला जागा मिळाली ती कुणाच्या तरी ठेवीत.

पुरातत्त्व संग्रहालयाची आजची इमारत १९६२ ची. त्याच वर्षी शहराजवळच्या देर्वेनी इथल्या थडग्यांतून दोन अपूर्व गोष्टी हाती आल्या. एक, सोन्यासारखे झळकणारे काशाचे प्रचंड पात्र, ज्याच्या अंगावर डायोनिसस आणि आरियाडने यांचा सोहळा उठावात कोरला आहे. दुसरी, पपायरसची एक गुंडाळी. प्रेतासोबत चितेवर ठेवलेली ती गुंडाळी अर्धवट जळाली, आणि जळून कोळसा झाला म्हणूनच कुजण्यापासून वाचली. युरोपातले आज वाचता येणारे सर्वांत जुने हस्तलिखित म्हणून तिचे नाव घेतात; २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत तिचा समावेश केला. ज्याने ती चितेवर ठेवली, त्याने ती जगासाठी ठेवलेली नव्हती. आपल्याला ती मिळाली आहे एवढेच.

बायझंटाइन संस्कृती संग्रहालयाची सुरुवात तर एका परतीनेच झाली. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१६ मध्ये, शहरातल्या बायझंटाइन वस्तू सुरक्षिततेसाठी अथेन्सला हलवल्या होत्या. सुरक्षिततेसाठी नेलेल्या वस्तू राजधानीत रुळतात, हा अनुभव आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावांनाही नवा नाही. त्या वस्तू परतल्या १९९४ मध्ये, नवे संग्रहालय उभे राहिले तेव्हा. त्याची इमारत किरियाकोस क्रोकोस या वास्तुरचनाकाराने उभारली आणि २००५ मध्ये युरोपीय परिषदेचा संग्रहालय पुरस्कार तिथे आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी का होईना, ठेव परत मिळते हे या शहराने अनुभवले.

जे परत मिळाले नाही, त्याची सलही या शहराला आहे. जुन्या थेसालोनिकीत एका रोमन स्तंभरांगेवर पाठीला पाठ लावून कोरलेल्या देवदेवतांच्या मूर्ती होत्या. १८६४ मध्ये एमानुएल मिलेर या फ्रेंच विद्वानाने उस्मानी सरकारच्या परवानगीने त्या उतरवल्या आणि त्या पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात गेल्या. २०१५ मध्ये शहरात आल्या त्या त्यांच्या प्रतिकृती. मूळ मूर्तींची मागणी आजही होते आणि ती न्याय्य आहे. पण या मूर्ती जगाला ज्या नावाने ठाऊक आहेत ते ‘लास इनकांतादास’, म्हणजे मंतरलेल्या स्त्रिया, हे नाव ग्रीक नाही. ते इथल्या ज्यूंच्या बोलीतले आहे. त्या मूर्ती ज्यू वस्तीत, एका घराच्या अंगणात उभ्या होत्या. आपली ठेव मागायला पॅरिसच्या दारी जाणाऱ्याने आपल्याकडे पडलेल्या ठेवीचा हिशेबही सोबत न्यायला हवा. थेसालोनिकीने तो हिशेब लिहायला फार उशीर केला.

तो लिहिला आहे आयिऊ मिना रस्त्यावर. तिथली १९०४ ची एक इमारत १९१७ च्या आगीतून वाचली. तिच्यात कधी बँक होती, कधी ज्यूंच्या फ्रेंच वर्तमानपत्राची कचेरी. २००१ पासून तिथे ज्यू संग्रहालय आहे. तळमजल्यावर जुन्या दफनभूमीतले शिलालेख मांडले आहेत. ही दफनभूमी शहराच्या पूर्वेला होती आणि तिथे तीन लाखांच्या आसपास कबरी होत्या. नाझी अमलात, डिसेंबर १९४२ मध्ये, ती उखडायला सुरुवात झाली. उखडणारे हात मात्र सगळे जर्मन नव्हते. कबरींचे दगड बांधकामाला वापरले गेले आणि युद्धानंतर त्याच जमिनीवर विद्यापीठ वाढले. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी तिथे शिकून बाहेर पडले. आपल्या पायाखाली कोण झोपले आहे हे त्यांना सांगणारी खूण विद्यापीठाच्या आवारात उभी राहिली ती थेट २०१४ मध्ये. तेव्हाचे महापौर यानिस बुतारिस यांनी इतक्या वर्षांच्या मौनाची शहराला लाज वाटते, असे जाहीर सांगितले. मतांच्या बाजारात असे बोलणे स्वस्त नसते. म्हणून ते लक्षात ठेवायचे.

ठेव जपायला एकटा माणूसही पुरतो, हेही याच शहरात पाहायला मिळते. गेओर्गिओस कोस्ताकिस हा १९१३ मध्ये मॉस्कोत जन्मलेला ग्रीक. कलेचे औपचारिक शिक्षण नाही. परदेशी वकिलातींत नोकरी. स्टालिनच्या काळात रशियातल्या नव्या चित्रकारांची नावे पुसली गेली, तेव्हा माळे, तळघरे आणि वारसांची कपाटे धुंडाळत त्याने ती चित्रे जमवली. ल्युबोव्ह पोपोवाचे प्लायवुडवर काढलेले एक चित्र एका घरात खिडकी बुजवायला ठोकलेले त्याला दिसले. मालकाला फळीची गरज होती, म्हणून कोस्ताकिसने त्याच मापाची दुसरी फळी आणून दिली आणि चित्र सोडवले, असे सांगतात. सोव्हिएत देश सोडताना संग्रहाचा मोठा वाटा त्याला मॉस्कोतच ठेवावा लागला. उरलेल्यातल्या १,२७७ कलाकृती ग्रीक सरकारने २००० मध्ये विकत घेतल्या. त्या आज एका जुन्या मठाच्या आवारातल्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती गोळा करून अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे केले. त्यांची जिद्द जाणणाऱ्या मराठी वाचकाला कोस्ताकिस परका वाटणार नाही.

आणि आता तर संग्रहालय जमिनीखालीही गेले आहे. शहराची मेट्रो ३० नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झाली. काम सुरू झाले होते २००६ मध्ये. मधल्या काळात खोदकामात तीन लाखांहून अधिक वस्तू निघाल्या. वेनिझेलोस स्थानकाच्या जागी बायझंटाइन काळातला हमरस्ता आणि त्यावरची दुकाने जशीच्या तशी सापडली. त्यावरून वर्षानुवर्षे वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर तो रस्ता सुटा करून काढला आणि स्थानक झाल्यावर पुन्हा तिथेच बसवला. एकदा उचकटलेला रस्ता तोच राहतो का, हा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप खोटा नाही. तरी कामावर निघालेला प्रवासी रोज त्या रस्त्याशेजारून जातो, ही गोष्टही लहान नाही.

हे सारे दूरच्या शहराचे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. शनिवारी बंद राहणाऱ्या बंदराविषयी वाचताना आपल्या कोकणातले शनवार तेली आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना गावाने दिलेले ते नाव. इथे त्यांच्यावर कुणी अत्याचार केला नाही. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक आपल्या इच्छेने इस्रायलला गेले आणि तिथेही त्यांनी मराठी टिकवली. दुःखाची तुलना करू नये. पण जबाबदारी सारखीच उरते. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा इथली त्यांची प्रार्थनामंदिरे, नवगावचे त्यांच्या पूर्वजांचे स्मारक, गावोगावच्या कबरी : हे सगळे आता आपल्याकडे ठेवलेले आहे.

म्हणून आजच्या दिवशी एक मागणी करावीशी वाटते. तिला मोठा निधी लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. आपल्या प्रत्येक संग्रहालयात वस्तूखालच्या पाटीवर धातू, काळ आणि उंची असते. तिथे आणखी एक ओळ लिहावी : ही कुणाची होती आणि इथे कशी आली. विकत घेतली, दान मिळाली, खणून काढली, मोडलेल्या वाड्यातून उचलली, जे खरे असेल ते. थेसालोनिकीच्या ज्यू संग्रहालयात तळमजल्यावरच्या दगडांवर नावे आहेत. ती वाचू शकतील असे वंशज बहुतेकांना उरलेले नाहीत. तरी ते दगड अक्षरांची बाजू पुढे करून उभे केले आहेत. ठेवीचा हिशेब असाच ठेवायचा असतो, ठेवणारा आता येणार नाही हे ठाऊक असतानाही.