न पाहता नोंद नाही



आपले तळेगाव नागपूर-अमरावती रस्त्यावरचे. एस.टी., ट्रक आणि मिस्त्रींची दुकाने रोजच्या पाहण्यातली, म्हणून काळे ऑइल आमच्या पोरांच्या ओळखीचे. पण विमानाच्या इंजिनाच्या ऑइलचा विषय माझ्या अंगणात येईल, असे मला कधी वाटले नव्हते. तो आणला माझ्या भाचीने. बारावी सायन्स करून ती विमान-दुरुस्तीचे शिक्षण घेत आहे. उन्हाळ्यात घरी आली, माझ्या मोटारसायकलकडे पाहून म्हणाली, "मामा, ऑइल कधी बदललं?"

मी म्हणालो, "असेल, पाच-सहा महिन्यांपूर्वी."

ती हसली. "आमच्याकडे 'असेल' चालत नाही."

मग तिने समजावून सांगितले. नागपूरच्या सोनेगावला फ्लाइंग क्लब आहे. तिथे वैमानिक होऊ पाहणारी मुले सेस्ना 152 आणि 172 अशा छोट्या विमानांवर शिकत आली. सेस्ना 172 च्या इंजिनाच्या चेंबरमध्ये सुमारे साडेसात लिटर तेल मावते. पंप ते खेचतो आणि कूलर व फिल्टरमधून बेअरिंगपर्यंत पोचवतो. तिथून ते पुन्हा चेंबरमध्ये पडते. या इंजिनाला मोटारीसारखे पाण्याचे रेडिएटर नाही. ते हवेवर थंड होते, म्हणून उष्णता वाहून नेण्याचे कामही तेलालाच करावे लागते. शिवाय तेच कचरा धुते आणि गंज रोखते.

उड्डाणापूर्वी पट्टी काढून तेल पाहायचे. अलीकडच्या सेस्ना 172 मध्ये पाच क्वार्टच्या खाली तेल असेल, तर विमान उडवायचे नाही. क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा थोडे कमी माप. इंजिन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात तेलाचा दाब काट्यावर दिसला नाही, तर लगेच बंद करायचे. फिल्टर असलेल्या इंजिनाचे तेल साधारण 50 तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलायचे. जुना फिल्टर फेकून द्यायचा नाही. तो कापून आतला कागद उलगडून पाहायचा. धातूचे चकचकीत कण दिसले, तर आत काहीतरी झिजते आहे.

"पण विमान उभंच असेल तर चार महिन्यांनी कशाला बदलायचं?" मी विचारले.

"उभं असतं म्हणूनच," ती म्हणाली. इंजिन उभे राहिले की आत दमट हवेचे पाणी साचते, तेल खाली ओघळून जाते आणि वरचे भाग गंजतात. जमिनीवर थोडा वेळ फिरवल्यानेही भागत नाही. तेल पुरेसे तापले नाही, तर ओलावा उडून जात नाही. मोटारीचे तेल तर यात कधीच घालायचे नाही. त्यातल्या काही द्रव्यांची राख सिलिंडरमध्ये साचते आणि इंजिनाचा घात करते.

मग ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, माझ्याकडून एकदा चूक झाली. सकाळी घाई होती. पट्टी न काढताच कालचाच आकडा वहीत लिहिला. सरांनी पट्टी काढून दाखवली. तेल एक क्वार्टनं कमी होतं. खाली पाहिलं तर फिल्टरच्या जोडातून झिरपत होतं. त्या दिवशी ते विमान उडालं नाही. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, नोंदीखाली तुझं नाव आहे. आत बसणारा मुलगा त्या नावावर विश्वास ठेवून बसतो."

बांधवांनो, मी कारकून माणूस. मार्चअखेर राहिलेले रजिस्टर एका बैठकीत 'पुरे' करणे आम्हाला नवे नाही. तारखा मागच्या, पेन एकच. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तेल तासाला किती लागते याची खरी नोंद असेल, तरच खप वाढल्याचे, म्हणजे इंजिन झिजत असल्याचे वेळीच कळते. एक खोटा आकडा पडला की तो इशाराच पुसला जातो. आमच्या रजिस्टरमध्येही कुणाच्या तरी पेन्शनची, कुणाच्या तरी जागेची गोष्ट असते. खोट्या तारखेने तिचेही नुकसान होतेच, फक्त आम्हाला ते डोळ्यांनी दिसत नाही.

पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र आहे. म्हणजे हे काम आता आपल्या दारात आले आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित असलेल्या मुला-मुलींना हा मार्ग खुला आहे. मात्र कर्ज काढण्यापूर्वी त्या संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. फलक आणि जाहिरात पाहून पैसे भरू नका. तिथेही 'असेल' चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकलची पट्टी काढली. टोकाला जेमतेम तेल लागले होते. मिस्त्रीकडे जाऊन तेल बदलले आणि डायरीत तारीख लिहिली, त्याच दिवसाची.