चाईची वही

माझी चाई पहिल्यांदा पाहिली ती न्हाव्याने. मानेवरचे केस उतरवताना त्याचा हात थांबला. "साहेब, इथं चाई पडलीय." आरसा मागे धरून त्याने दाखवला तो रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा. घरी निदानांना तोटा नव्हता: किडा लागला, उष्णता वाढली, नजर लागली. एकाने गुंज उगाळून लावायला सांगितली, दुसऱ्याने कांद्याचा रस. मी कांदा निवडला. चार महिन्यांनी केस आले आणि श्रेय कांद्याने लाटले. छोटा चट्टा बऱ्याचदा काही न करताही भरून येतो, हे मला नंतर कळले.

ज्या रोगात केस आपोआप जातात आणि आपोआप येतात, तिथे चार रुग्णांच्या आठवणींवर कुठलेही औषध गुणकारी ठरवता येते. म्हणून शेकडो रुग्णांची, वर्षानुवर्षांची नोंद, म्हणजेच रजिस्ट्री, हवी. याला माझ्या एका डॉक्टर मित्राचा विरोध आहे. त्याचा पूर्वपक्ष असा: रजिस्ट्री म्हणजे कारकुनी. खरे विज्ञान म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. रजिस्ट्रीत जो तो आपणहून येतो, त्यातही ज्यांचे जास्त बिघडले तेच. अशा नमुन्यावरून काय सिद्ध होणार? शिवाय, केसांवाचून कोणी मरत नाही.

त्याचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. दोन औषधांत सरस कोणते, हे नुसत्या नोंदींवरून ठरवू नये. चाई शेकडा किती जणांना होते, हेही स्वेच्छेने नाव घातलेल्यांच्या यादीतून काढू नये. पण एवढ्यावरून वहीच फाडायची?

अमेरिकेत 2000 च्या सुमारास सरकारी पैशातून चाईच्या रुग्णांची राष्ट्रीय रजिस्ट्री सुरू झाली. मुख्य केंद्र ह्यूस्टनचे एम. डी. अँडरसन रुग्णालय, सोबत कोलंबियासारखी विद्यापीठे. रोगाचा इतिहास, तपासणी आणि रक्ताचे नमुने असे सगळे जमा होऊ लागले. त्या नमुन्यांच्या आधारे कोलंबियाच्या अँजेला क्रिस्तियानो आणि सहकाऱ्यांनी 1,054 रुग्णांची जनुके 3,278 इतर लोकांच्या जनुकांशी ताडून पाहिली. निबंध 2010 साली 'नेचर'मध्ये आला. (क्रिस्तियानोबाईंना स्वतःला चाई आहे.) सापडलेले धागे टाइप 1 मधुमेह आणि आमवाताशी जुळणारे निघाले. केसांच्या मुळांवर धोक्याची खूण उमटते आणि शरीराच्या पहारेकरी पेशी घरच्याच माणसावर तुटून पडतात, असे चित्र पुढे आले. 2014 मध्ये त्या पेशींना चिथावणारा जेएके मार्ग उंदरांत अडवल्यावर केस परतले. 2022 मध्ये हाच मार्ग अडवणाऱ्या बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत चाईसाठी मंजुरी मिळाली.

आता मित्राचा आक्षेप उलटा करून पाहा. ज्यांचे जास्त बिघडले तेच आले, म्हणूनच रोगी आणि निरोगी यांतला फरक ठळक दिसला. शिरगणतीत जो दोष, तोच जनुकांच्या शोधात गुण.

आणि चाचणी तरी सर्वांची असते का? बॅरिसिटिनिबच्या चाचण्यांत निम्मी किंवा त्याहून अधिक टाळू उघडी असलेलेच घेतले. साठीपुढचे पुरुष नाहीत, आठ वर्षांत केसच न उगवलेले जुने रुग्ण नाहीत. 36 आठवड्यांनी 4 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 36 ते 39 टक्के लोकांची टाळू किमान 80 टक्के झाकली गेली. रिकाम्या गोळीवर 3 ते 6 टक्के. आकडा चोख आहे. पण औषध थांबवले की बहुतेकांचे केस पुन्हा गळतात, म्हणजे गोळी वर्षानुवर्षे घ्यायची, आणि या गटातल्या औषधांवर गंभीर जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, कर्करोग यांचा इशारा छापलेला असतो. दहाव्या वर्षी काय होते ते 36 आठवड्यांच्या चाचणीने सांगावे कसे? ते सांगेल वहीच, तीही कोणी नेटाने भरली तर.

'कोणी मरत नाही' याचे उत्तर भुवया आणि पापण्याही गेलेल्या मुलीला शाळेच्या फोटोत उभे करून द्यावे. मी देत नाही.

रजिस्ट्रीचा खरा दोष मित्राने काढलाच नाही. 2010 च्या त्या अभ्यासातले लोक युरोपीय वंशाचे होते. आपली डोकी त्यात नाहीत. आपल्याकडे हे जमायचे नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने बार्शीला जावे. 1987 मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग रजिस्ट्री सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगाव माणसे फिरली, नोंद करता करता लोकांना लक्षणेही सांगत गेली.

चाईचा रुग्ण मात्र आजही सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहून केसपेपर काढतो. डॉक्टर त्यावर डोक्याचे गोल चित्र काढून चट्टे रंगवतात. मग तो कागद घडी घालून, रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो घरी नेतो. पुढच्या खेपेला आणायला विसरला, की नवा केसपेपर.