डब्यातल्या भुकटीचा दाणा कोणी धुतला?

आपल्या तालमींतून दूध, तूप, थंडाई आणि बदामाला अजून मान आहे. पण जिममध्ये जाणारी पोरे डब्यातली पांढरी भुकटी पाण्यात ढवळून पितात. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन अशी अमिनो आम्ले त्यात असतात. ‘हे केमिकल तर नव्हे?’ असे पालक विचारतात. खरा प्रश्न निराळाच आहे.

अशी बरीच अमिनो आम्ले आज जंतूंकडून करून घेतात. १९५० च्या दशकात जपानमध्ये जंतूंना साखर खायला घालून ग्लुटामिक आम्ल काढण्याची रीत निघाली. अजिनोमोटो त्याचेच मीठ. या जंतूंना उसाची मळीही चालते. मात्र आंबवण झालेल्या टाकीत हव्या त्या आम्लाबरोबर जंतूंचे अवशेष, क्षार, रंग असे बरेच काही असते. द्रवाचा पीएच ३.२ च्या आसपास आणला की ग्लुटामिक आम्ल फारसे विरघळत नाही, त्याचे स्फटिक खाली बसतात. साखर कारखान्यात नोकरी केलेल्यांना पुढचे सांगायला नको. पॅनमध्ये दाणा धरतो, सेंट्रिफ्यूगलमध्ये मळी बाजूला फेकली जाते आणि दाणा धुतला जातो. धुण्यात कसूर झाली तर साखर पिवळी दिसते. अमिनो आम्लात राहिलेली घाण मात्र डोळ्यांना दिसेलच असे नाही.

१९८९ साली अमेरिकेत झोपेसाठी ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या गोळ्या खाल्लेल्यांना स्नायूंच्या असह्य वेदना सुरू झाल्या. दीड हजारांवर रुग्ण नोंदले गेले, किमान ३७ दगावले. माग जपानच्या शोवा डेंको कंपनीच्या मालापर्यंत गेला. कंपनीने जंतूची जात बदलली होती आणि शुद्धीकरणातला कोळसाही कमी केला होता. माल ९८.५ टक्क्यांहून अधिक शुद्ध होता! संशय उरलेल्या कणभर अंशावर आला.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. सुटी भुकटी, बिल नसलेला डबा, ओळखीच्याने ‘बाहेरून’ आणलेला माल घरात नको. डब्यावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक पाहा. खरे तर दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे रोज पोटात जात असतील, तर बहुतेक पोरांना या डब्याची गरजच नाही. आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याचे झाकणही उघडू नये.