समाधानाचे मोजमाप

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकदमच दीडशे मर्सिडीज-बेंझ मोटारी खरेदी केल्या. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. शहराचे नाव सर्वदूर व्हावे, हा या सामुदायिक खरेदीमागचा हेतू असल्याचे तेव्हा सांगितले गेले आणि ते नाव झालेही. ज्या मोटारीची निवड अशा कारणाने होते, ती 'समाधानकारक' आहे की नाही हे तिच्या मालकाला विचारून खरोखर कळेल काय?

साहित्याच्या अभ्यासकाने मोटारींच्या गुणांकनात का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. असे गुणांकन म्हणजे अखेर मालकांनी आपल्या वस्तूविषयी केलेली निवेदने असतात, आणि निवेदकावर किती विश्वास ठेवावा, हा आपल्या नित्याच्या विचाराचा विषय आहे.

या पाहण्यांत दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. पहिली विश्वसनीयता. जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेच्या एका पाहणीत खरेदीनंतरच्या पहिल्या नव्वद दिवसांत, तर दुसरीत सुमारे तीन वर्षांच्या वापरानंतर, दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या हे मोजले जाते. आकडा जितका लहान तितकी गाडी चांगली. इथेही सावध राहावे लागते. इंजिन बंद पडणे ही तक्रार आणि पडद्यावरची कळ सहज न सापडणे हीही तक्रार. महागड्या गाडीत उपकरणे अधिक, म्हणून बिघडण्याच्या जागाही अधिक. किंमत आणि भरवसा एकत्र वाढतात ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

दुसरी गोष्ट मालकाचे समाधान. १९३६ पासून काम करणारी आणि जाहिराती न स्वीकारणारी 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही संस्था मालकाला विचारते, 'हीच गाडी पुन्हा घ्याल का?' २०१५ साली टेस्लाच्या 'मॉडेल एस' या गाडीला तिने विश्वसनीयतेच्या कारणावरून शिफारशीतून वगळले. त्याच पाहणीत ९७ टक्के मालकांनी ती गाडी पुन्हा घेऊ असे सांगितले होते. गाडी बिघडत होती आणि मालक तृप्त होते! यात खोटेपणा नाही. वस्तू जितकी महाग, तितकी आपली निवड योग्य होती असे स्वतःला पटवण्याची गरज मोठी. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये या मनोव्यापाराची मीमांसा केली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, नवी मोटार घेतलेले लोक आपण घेतलेल्याच गाडीच्या जाहिराती अधिक वाचतात. खरेदी आधी होते, तिची कारणे नंतर गोळा होतात.

म्हणून माझे मत असे की, बिघाडांची मोजदाद ही साक्ष म्हणून वाचावी आणि समाधानाची टक्केवारी आत्मचरित्र म्हणून. आत्मचरित्र निरुपयोगी नसते, पण ते वस्तूपेक्षा सांगणाऱ्याविषयी अधिक सांगते.

याहून महत्त्वाचा प्रश्न, हे सारे कोणाला विचारले जाते, हा आहे. त्या दीडशे गाड्यांसाठी स्टेट बँकेने ४० कोटींहून अधिक कर्ज सात टक्के व्याजाने दिले. डिसेंबर २०१० मध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये याविषयी लिहिताना शेजारी ठेवले ते कन्नड तालुक्यातील एका आदिवासी शेतकरी स्त्रीचे ट्रॅक्टरचे कर्ज. त्याचा व्याजदर दुपटीहून अधिक होता.

कन्नडच्या शेजारी आमचा सोयगाव तालुका. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याचा, कपाशीचा. इथे विश्वसनीयता या शब्दाचा अर्थ पाहणीच्या रकान्यात मावत नाही. पाऊस पडून वाफसा येतो तो मोजके दिवस टिकतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला आणि सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळाला नाही, तर पेरणी लांबते आणि कर्जाचा हप्ता मात्र लांबत नाही. शहरातल्या आलिशान मोटारीचा बिघाड ही गैरसोय, इथला बिघाड हे हंगामाचे नुकसान.

आपल्याकडे ट्रॅक्टरची परीक्षा होत नाही असे नाही. मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत त्याची शक्ती, इंधनाचा खप यांची रीतसर चाचणी होते. २०२३ पासून 'भारत एनकॅप'चे तारेही मोटारींना मिळू लागले आहेत, पण ते अपघातातील सुरक्षिततेचे. तीन हंगाम राबवल्यानंतर ट्रॅक्टर कसा चालला, दुरुस्तीला किती दिवस आणि किती पैसे गेले, हे शेतकऱ्यालाच विचारून मराठीत, सर्वांना वाचता येईल असे दरवर्षी प्रसिद्ध झाले पाहिजे. कृषी विद्यापीठांना आणि तालुक्याच्या महाविद्यालयांना हे काम अशक्य नाही. प्रश्नावली घेऊन गावोगाव जाणारे विद्यार्थी आपल्याकडे आहेतच.

संतवाङ्मयात 'समाधान' हा शब्द हव्यास ओसरल्यानंतरच्या अवस्थेसाठी येतो. बाजाराने तो हव्यास पुरवल्यानंतरच्या अवस्थेला दिला. शब्दांचे असे स्थलांतर आपण थांबवू शकत नाही. मात्र ज्याच्या समाधानाची मोजणी होते त्याचाच अनुभव हिशेबात धरला जातो, आणि ज्याला कोणी विचारतच नाही त्याने तक्रार केली नाही असे मानले जाते. हा हिशेब दुरुस्त करणे आपल्या हाती आहे.